पाहून भरायचा चौकोन

त्या भागात सगळे तिला प्रश्नबाई म्हणत. खरं नाव ओळखपत्रावर होतं, पण ते गळ्यात नेहमी उलटं लटकलेलं असायचं आणि बावीस वर्षांत कोणी ते सुलटं करून वाचलं नव्हतं. नावाशी कोणाला काय देणंघेणं? दार उघडणाऱ्याला एवढंच कळायचं, की चपट्या टाचेचे बूट, हातात फळीला चिमटा लावलेले कागद आणि कानामागे पेन अशी एक बाई आली आहे आणि आता वीस मिनिटं तरी सुटका नाही.

लोकांची मतं गोळा करणं हा तिचा धंदा. साबणाला वास कसला हवा, कचऱ्याची गाडी सकाळी यावी की संध्याकाळी, निवडणुकीत कोणाला मत देणार, बसथांब्यावर बाक पुरेसे आहेत का, सगळं तिनं विचारून झालं होतं. एका दिवसात बारा दारं. ज्या घरात जायचं तिथे जो तोंड घालील त्याला विचारायचं नाही, हा पहिला नियम. घरातल्या सज्ञान माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यांत आधी येणार, त्यालाच विचारायचं. म्हणजे घरोघरी जो बोलायला टपलेला असतो तो आपोआप बाजूला पडतो. नवऱ्याची बोलायला जीभ वळवळत असायची आणि वाढदिवस निघायचा नेमका मुक्या सुनेचा. प्रश्नबाईला ही गंमत फार आवडायची, पण चेहऱ्यावरची माशी ती हलू द्यायची नाही. तो दुसरा नियम. प्रश्न छापलाय तसा वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि समोरच्यानं काहीही म्हटलं तरी चेहरा पाटीसारखा कोरा.

तिसरा तसा नियम नव्हता, ती साहेबांची नावड होती. साहेबांना सगळे टक्केसाहेब म्हणत, कारण ते पाऊस आला तरी किती टक्के आला हे सांगायचे. त्यांना 'सांगता येत नाही' हा चौकोन बघवायचा नाही. "बाई, दहात एक चालेल. त्याच्या वर गेलं की समजायचं, विचारणाऱ्याला विचारता येत नाही." म्हणून कोणी डोकं खाजवू लागला की प्रश्नबाई अगदी गोड आवाजात म्हणायची, "तरी, एक निवडायचंच झालं तर?" आणि माणूस निवडायचा. निवडायचंच झालं तर माणूस काहीही निवडतो. अशी हजारो मतं तिनं लोकांच्या घशातून बाहेर काढली होती. स्वतःचं मत मात्र तिला कधी कोणी विचारलं नव्हतं आणि तिलाही त्याची अडचण कधी भासली नव्हती.

आणि कागदाच्या डोक्यावर, सगळ्यात वर, तो चौकोन. स्त्री, पुरुष. शेजारी बारीक अक्षरात सूचना: विचारू नये, पाहून भरावे. उगाच विचारलं तर लोक चिडतात, शिवाय वेळ जातो. प्रश्नबाईची नजर समोर असायची आणि हात खाली खूण करून मोकळा व्हायचा. एकदा केस बारीक कापलेल्या एका आजींना तिनं पुरुषांत घातलं होतं आणि आजींनी ते उलट्या बाजूनं वाचून तिला चांगली फैलावर घेतली होती. बावीस वर्षांतली ती एवढीच चूक, असं ती अभिमानानं सांगायची. बाकीच्या कोणी उलटं वाचलं नसेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

तर या बाईवर तो प्रसंग आला.

तिची एक धाकटी बहीण होती आणि त्या बहिणीची मुलगी म्हणजे भिंगरी. चालायच्या आधी धावायला लागली म्हणून भिंगरी. आता एकोणीस वर्षांची, आठशे मीटर धावणारी. प्रश्नबाईला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे भाचीचे सगळे लाड तिच्याकडे. पहिले बूट मावशीनं घेतलेले. नाडी सुटून पोरगी तोंडावर पडली तेव्हा दुहेरी गाठ मारायला शिकवली तीही मावशीनंच; पायरीवर बसून, जीभ बाहेर काढून, मायलेकींना लाज वाटेल इतका वेळ घालवून.

त्या वर्षी मोठ्या स्पर्धेसाठी निवडीची शर्यत झाली. पहिल्या तिघी जाणार. भिंगरी चौथी आली, आणि तीही सेकंदाच्या चार दशांशानं. आता चौथं येणं म्हणजे काही पाप नाही, पण तिसरी आलेली मुलगी जन्मली तेव्हा तिची नोंद मुलगा म्हणून झाली होती. मोठी होताना ती मुलगी झाली, किंवा होतीच आणि मग सांगितलं. यातलं काय म्हणायचं यावरच लोकांची अर्धी भांडणं होती. औषधं, तपासण्या, कागदपत्रं, सगळं करून क्रीडासंघटनेनं तिला धावू दिलं होतं. ती धावली आणि तिसरी आली.

बहिणीच्या घरात तिचं नाव कोणी घेत नव्हतं. 'तिसरा नंबर' म्हणायचे. "तिसरा नंबर आला पेपरात बघ." "तिसऱ्या नंबरचे खांदे बघ." बहिणीनं संघटनेकडे तक्रार केली, भिंगरीची सही घेऊन. प्रश्नबाईही तिथे बसून मान डोलवायची. पोरीची पाच वर्षांची पहाट त्या चार दशांशात गेली होती, मान डोलवणार नाही तर काय करणार? एकदा तर ती स्वतःच म्हणाली, "शेवटी हाडं काही कागद वाचत नाहीत." बहिणीला हे वाक्य इतकं आवडलं की तिनं ते तक्रारअर्जात घातलं.

घरी परत येताना मात्र प्रश्नबाईच्या मनात तळ्यात-मळ्यात चालायचं. हाडांचं खरं. पण मग पहिली आलेली मुलगी सगळ्यांहून हातभर उंच आहे, तिच्या हाडांना कोणी का विचारत नाही? बरं, ते जन्मजात. मग हेही जन्मजातच नाही का? की नाही? बस यायची, ती चढायची, आणि विचार तिथेच थांब्यावर राहून जायचा.

संघटना तक्रारीनं कात्रीत सापडली. इकडे निर्णय दिला तर हे बोंबलणार, तिकडे दिला तर ते. तेव्हा कोणा हुशार माणसानं सुचवलं, आधी लोकांचं मत घेऊ. निकाल महिनाभर राखून ठेवला आणि काम आलं टक्केसाहेबांच्या कंपनीकडे.

कामाच्या आदल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना जमवून प्रश्न वाचून दाखवले आणि नेहमीसारखं विचारलं, "या विषयात कोणाचा कोणी नात्यातला असेल तर आत्ताच हात वर करा." प्रश्नबाईचा हात मांडीवर होता. तो तिथेच राहिला. का राहिला, हे तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. बावीस वर्षांत एक काम सोडलं नव्हतं, हे एक. लोक काय म्हणतात ते आपल्या कानांनी ऐकावं, म्हणजे आपल्यालाही काही उमगेल, हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे धाकटी बहीण. तिला काम कळल्यावर ती फोनवर हळू आवाजात म्हणाली होती, "ताई, देवच पावला म्हणायचा. आता तुझ्या हातात आहे गं."

"माझ्या हातात पेन आहे," प्रश्नबाई म्हणाली.

"तेच म्हणते मी."

पण खोटी खूण करायची प्रश्नबाईची छाती नव्हती आणि गरजही पडली नाही. लोकच 'नाही' म्हणत होते. म्हणजे, म्हणत होते असं म्हणायचं. 'नाही'पर्यंत पोचायच्या आधी ते इतकी वळणं घ्यायचे की ऐकणाऱ्याला घेरी यावी.

एक निवृत्त कारकून ठणकावून म्हणाला, "नाही, नाही, नाही! निसर्ग म्हणून काही आहे की नाही?" आणि पाच मिनिटांनी दाराशी सोडायला आला तेव्हा म्हणाला, "पण बाई, ती पोर मग धावणार कुठे हो? ते एक लिहिलंय का तुमच्यात?" लिहिलेलं नव्हतं. घरातच दुकान थाटलेला केस कापणारा एक जण गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून म्हणाला, "धावू द्या की. आपल्या बापाचं काय जातंय?" गिऱ्हाईक म्हणालं, "तुला मुलगी असती तर कळलं असतं." "मला तीन आहेत." "धावतात का?" "बसल्या जागेवरून उठत नाहीत." मग केसवाल्यानं 'हो'चं 'नाही' करायला लावलं. कडेवर मूल घेतलेली एक बाई प्रश्न तीनदा वाचून घेऊन म्हणाली, "तुम्ही दुसरं काही विचारा ना. साबणाचं नाही का काही?"

'तरी, एक निवडायचंच झालं तर?' हे प्रश्नबाई रोज म्हणत होती आणि रोज तिला ते वाक्य थोडं जड जात होतं, आणि काही जण तरीही निवडत नव्हते. साठ कागद भरले. लोकांच्या मतांनी आपलं डोकं उजळेल असं तिला वाटलं होतं. होतं तेही विझायची वेळ आली.

मग एकसष्टावं दार. तिसरा मजला, जिन्याच्या कठड्यावर वाळत टाकलेली चादर, दाराला निळा रंग नुकताच दिलेला. घंटा वाजवल्यावर एका तरुणीनं दार उघडलं. केस ओले, खांद्यावर टॉवेल, हातात एक बूट आणि दातांत धरलेली नवी नाडी.

"घरात सज्ञान किती जण?" प्रश्नबाईनं विचारलं.

तिनं नाडी तोंडातून काढली. "मी आणि आजोबा. आजोबांना ऐकू येत नाही, पण मतं पुष्कळ आहेत."

"पुढचा वाढदिवस कुणाचा?"

"माझाच. पुढच्या महिन्यात."

हातानं वरच्या चौकोनात खूण केली. स्त्री. प्रश्नबाई आत जाऊन खुर्चीवर बसली. पलीकडच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं चालू होता. पोरगी पोस्टात पत्रं लावायच्या कामावर होती, दुपारपाळीला. तेही लिहून झालं.

"तुम्ही किंवा घरातलं कोणी क्रीडासंघटनेत कामाला आहे का?"

"कामाला नाही. मी धावते फक्त."

प्रश्नबाईनं 'नाही'वर खूण केली, कारण प्रश्न कामाचा होता. मग विषय वाचून दाखवला. पोरगी एकदम हसली, बूट मांडीवर आपटून हसली.

"तुम्ही मुद्दाम माझ्याच घरी आलात?"

"पाचवं घर," प्रश्नबाई म्हणाली. "दर पाचवं घर घेतो आम्ही."

"मला ओळखलं नाहीत? पेपरात होता की फोटो."

तेव्हा ओळखलं. फोटो प्रश्नबाईनं बहिणीच्या घरी वीसदा पाहिला होता, पण धावतानाच्या फोटोत सगळ्यांचे चेहरे दाढ उपटल्यासारखे असतात. हा तिसरा नंबर. दोन हातांवर समोर बसून बुटात नाडी ओवत होता.

प्रश्नबाईची नजर कागदावर गेली. डोक्याला इतक्या आठवड्यांत जे जमलं नव्हतं ते हातानं दार उघडताच करून टाकलं होतं, आणि तिला न विचारता. खोडायचं असेल तर नियम होता: एक आडवी रेघ आणि शेजारी सही. तिनं पेन त्या खुणेवर नेलं. खोडून काय लिहायचं? पुरुष? समोर बसलेल्या या पोरीकडे पाहून? आणि ठेवलं तर? ठेवलं तर भिंगरीचं काय? तशी हाताची तरी काय खात्री? याच हातानं त्या आजींना पुरुषांत घातलं होतं.

"काय खोडताय?" पोरीनं विचारलं.

"काही नाही. पेन अडकतंय."

तिनं पुढचा प्रश्न वाचला. अशा खेळाडूंना मुलींच्या शर्यतीत धावू द्यावं का? "हो," पोरगी म्हणाली, "आता मी काय नाही म्हणू?" त्यांच्यासाठी वेगळी शर्यत असावी का? "असू द्या की. या गावात मी एकटीच आहे. पहिली पण मीच येईन आणि शेवटची पण मीच." प्रश्नबाईच्या ओठांचा कोपरा हलला. दुसरा नियम मोडला, थोडासा.

"अशा खेळाडूंमुळे इतर मुलींवर अन्याय होतो का?"

पोरीचे हात थांबले. पलीकडे टीव्हीवर कोणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"चौथी आली ना, ती एक मुलगी," ती म्हणाली. "शर्यत संपल्यावर कडेला बसून बूट काढत होती. निघेनात. गाठ अशी पक्की मारलेली, दुहेरी, आणि ती नुसती नाडी ओढत होती. मी बसले आणि सोडून दिली. दोन्ही पायांची. ती थँक्यू म्हणाली आणि मग रडायला लागली." "मी तिच्यापेक्षा कमी सराव केलाय असं नाही. पण रोज डोळ्यासमोर येते ती. बाई, सांगता येत नाही. सांगता येत नाही, असं लिहा."

भिंगरीनं घरी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. प्रश्नबाईला वाटलं, म्हणावं, ती गाठ माझी आहे. मी शिकवलीय. ते म्हणायची सोय नव्हती. 'तरी, एक निवडायचंच झालं तर?' हे म्हणायची सोय होती, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ते म्हटलं नाही. शेवटच्या चौकोनात खूण केली, आभार मानले आणि जिना उतरताना चादरीत अडखळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांसमोर उभी राहिली आणि नातं सांगितलं.

"आत्ता?" टक्केसाहेबांनी चष्मा काढला. "एकसष्ट कागद भरून झाल्यावर?"

"हो."

त्यांनी गठ्ठा चाळला. "अडतीस 'नाही', अकरा 'हो'. बासष्ट टक्के तुमच्या भाचीच्या बाजूनं! तुमचं कुंपण शेत खातंय असंही नाही. हे तर आपसूक पिकलंय. सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं."

"मला कळत होतं ना, साहेब."

"आणि बारा 'सांगता येत नाही'. वीस टक्के! बाई, तुम्ही असं कधी करत नव्हतात."

नियमाप्रमाणे एकसष्टच्या एकसष्ट कागद रद्द झाले. तो निळ्या दाराचाही. तिला त्या कामावरून काढलं आणि तो भाग दुसऱ्या कोणाला दिला.

बहिणीचा फोन आला तेव्हा प्रश्नबाईनं तो कानापासून हातभर लांब धरला. "स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारणारे ऐकले होते, ताई, भाचीच्या पायावर मारणारी पहिल्यांदा पाहिली! आणि कशासाठी? नियम! तुला कोणी विचारलं होतं?" कोणी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. प्रश्नबाई म्हणाली, "माझं चुकलंच. पण काय चुकलं ते नीट कळत नाही. आधी गप्प बसले ते, की नंतर बोलले ते?" बहिणीनं फोन ठेवला होता.

आठवडाभर त्या घरातून ना फोन ना निरोप. रविवारी सकाळी दारात भिंगरी. आईला न सांगता आली होती. बूट दाराशी काढून ती पलंगावर मांडी घालून बसली. प्रश्नबाईनं चहा ठेवला. तो उकळतोय तोवर घंटा वाजली.

दारात एक तरुण बाई. गळ्यात नवंकोरं ओळखपत्र, हातात चिमट्याची फळी. साहेबांनी दुसऱ्या गावाहून आणलेली दिसत होती, कारण तिनं हिला ओळखलं नाही. पाचवं घर, म्हणाली.

प्रश्नबाईला हसू आवरेना. घरात सज्ञान एकच, त्यामुळे वाढदिवसाचा प्रश्न मिटला. तुम्ही सर्व्हेच्या कामात आहात का? "सध्या नाही." घरातलं कोणी संघटनेत? "घरात मी एकटीच." त्या बाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि वरच्या चौकोनात खूण केली. किती सहज. आपण हेच करत होतो, रोज बारा वेळा.

"उत्तरं देताना बाकी कोणी नको," ती बाई भिंगरीकडे पाहून म्हणाली.

भिंगरी उठली. "बस," मावशी म्हणाली. "ती बसू दे. ऐकू दे तिला."

प्रश्न आला. अशा खेळाडूंना मुलींच्या शर्यतीत धावू द्यावं का? प्रश्नबाईनं उत्तर ठरवलं नव्हतं. तोंडातून "हो" गेलं. भिंगरीनं मान वर केली. उद्या विचारलं असतं तर काय गेलं असतं, देव जाणे.

"त्यामुळे इतर मुलींवर अन्याय होतो का?"

"होतो," प्रश्नबाई म्हणाली. "फार मोठा होतो."

त्या बाईचं पेन थांबलं. "पण वर तुम्ही 'हो' म्हणालात. हे दोन जुळत नाहीत."

"मला ठाऊक आहे."

"मग कुठलं बदलू? वरचं की खालचं?"

बिचारीची अडचण प्रश्नबाईला कळत होती. अशी उत्तरं तिनं स्वतः दारातच सरळ करून घेतली होती, शेकडो. बहुतेक वेळा खालचं वाकवून वरच्यासारखं करायचं. लोक कंटाळून म्हणायचे, करा हो काहीतरी, आणि त्यांचं मत तयार व्हायचं.

"दोन्ही राहू द्या."

"ऑफिसातून परत येईल कागद. तरी, एक निवडायचंच झालं तर...?"

"नाही निवडायचं," प्रश्नबाई म्हणाली, आणि तिचा आवाज जरा चढला. "परत आला तर परत या. मी इथेच आहे."

ती बाई गेली. चहा उतू गेला होता. प्रश्नबाई ओटा पुसत राहिली, कारण मागे वळायची हिंमत नव्हती.

"म्हणजे मी जाऊ नये असं वाटतं तुला," भिंगरी म्हणाली.

"तू जावंस असं वाटतं."

"आणि ती?"

"तिनंही जावं."

मग भिंगरी म्हणाली, "एक सांगू? आईला सांगू नकोस. शर्यतीनंतर माझे बूट निघत नव्हते. गाठ सुटेना. तिनं येऊन सोडली. मी थँक्यू म्हणाले, आणि त्याच वेळी मला वाटलं, हिला असं जोरात ढकलून द्यावं. मग रडूच आलं. मी अजून त्या अर्जावरची सही मागे घेतली नाही, मावशी. घेणारही नाही. पण ती गाठ तिनं सोडली ना."

प्रश्नबाईनं पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा करायचा प्रयत्न केला. ज्या घरात जे ऐकलं ते तिथेच ठेवायचं, हा तर सगळ्यांत जुना नियम. बावीस वर्षं ज्या चेहऱ्यावर काही दिसलं नव्हतं तो तिनं ओट्याकडे वळवून धरला, पण खांदे हलले आणि ते पोरीनं पाहिलं.

"तू का रडतेस?"

"सांगता येत नाही," मावशी म्हणाली.

भिंगरीनं तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेला ओटा पुसला. दोघींनी उरलासुरला चहा घेतला. मग ती दाराशी बसली आणि बूट घातले. सरावाची वेळ झाली होती. निकाल काय लागायचा तो लागो, पाय रिकामे ठेवून चालत नाही. तिनं एका बुटाची गाठ मारली, दुसऱ्याची मारली, दोन्ही दुहेरी, आणि उभी राहून जागच्या जागी दोन उड्या मारून पाहिल्या.

"जागा तीनच आहेत, मावशी," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.